स्टॅनफर्डचे म्यूर पायउतार झाले. त्यांचं माप कशानं काढायचं?

बर्नार्ड म्यूर यांनी २०२५च्या फेब्रुवारीत स्टॅनफर्ड विद्यापीठाचं क्रीडा संचालकपद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि लगेच त्यांच्या कारकिर्दीचे दोन हिशेब मांडले गेले. एकात करंडक, राष्ट्रीय विजेतेपदं आणि ऑलिंपिक पदकांची लांबलचक यादी होती. दुसऱ्यात एकच आकडा होता: अमेरिकन फुटबॉल संघाचे तीन विजय, नऊ पराभव. २०२१, २०२२, २०२३ आणि २०२४, चारही हंगामांत अगदी तोच. पहिला हिशेब वाचला की वाटावं, असा संचालक पुन्हा होणे नाही. दुसरा वाचला की वाटावं, या माणसाने सगळ्याची वाट लावली. दोन्हींतले आकडे खरे आहेत, पण त्यांतून म्यूर कळत नाहीत. तेरा वर्षांत एकदा असा प्रसंग आला की कोणाला राखायचं आणि कोणाला सोडायचं याचा निर्णय त्यांच्या सहीने झाला. तो दिवस ८ जुलै २०२०. त्यांचं माप त्या निर्णयाने आणि त्यानंतरच्या दहा महिन्यांनी काढायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक असतात. त्यांच्या वाट्याला जिमखान्याच्या किल्ल्या, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या प्रवेशिका आणि कायमचा अपुरा निधी येतो. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठाचा क्रीडा संचालक ही वेगळीच असामी. शेकडो कोटी रुपयांचं अंदाजपत्रक, प्रशिक्षकांच्या नेमणुका आणि हकालपट्ट्या, टीव्ही हक्कांची बोलणी, देणगीदारांची मर्जी, सगळं त्याच्याकडे. त्यातही स्टॅनफर्डचा पसारा मोठा. २०२० साली तिथे ३६ खेळांचे विद्यापीठ संघ होते, खेळाडू साडेआठशेहून अधिक. पदवीच्या दर शंभर विद्यार्थ्यांत साधारण बारा जण विद्यापीठाच्या संघात. सर्व खेळांतली कामगिरी एकत्र मोजून दरवर्षी दिला जाणारा डायरेक्टर्स कप स्टॅनफर्डने १९९४-९५ पासून २०१८-१९ पर्यंत सलग २५ वेळा जिंकला. दुसऱ्या कोणाला तो पाव शतकभर मिळालाच नाही.

पण ही परंपरा म्यूर २०१२ साली आले तेव्हा आधीच उभी होती. टेड लेलँड आणि बॉब बोल्सबी या त्यांच्या आधीच्या दोन संचालकांनी ती घडवली, जोपासली. महिला बास्केटबॉलच्या टारा व्हॅनडरव्हिअर १९८५ पासून तिथे होत्या. २०२१चं राष्ट्रीय विजेतेपद म्यूर यांच्या काळात आलं हे खरं, पण ते व्हॅनडरव्हिअर यांचं होतं. २०२४ मध्ये निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या नावावर १,२१६ विजय होते. फुटबॉलचे डेव्हिड शॉ यांची नेमणूकही म्यूर येण्याआधीची. २०१३ आणि २०१६च्या जानेवारीत रोझ बोल हा फुटबॉलचा मानाचा सामना जिंकला तो त्यांच्या संघाने. हे करंडक म्यूर यांच्या खात्यावर घालायचे असतील, तर पुढची घसरगुंडीही त्याच खात्यावर घालावी लागेल, आणि ते मला तितकंच अन्यायाचं वाटतं. खेळाडूंना जाहिरातीतून कमाई करण्याची मुभा २०२१च्या जुलैत मिळाली. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणं सोपं झालं. प्रवेशाची चाळणी बारीक ठेवणाऱ्या स्टॅनफर्डला या नव्या बाजारात पाय रोवणं जडच जाणार होतं.

संचालकाची स्वतःची पारख दिसते ती त्याने केलेल्या नेमणुकांत. इथे म्यूर यांचा लेखाजोखा मिश्र आहे. महिला व्हॉलीबॉलला त्यांनी २०१७ मध्ये केविन हॅम्बली आणले आणि पुढच्या दोन्ही वर्षी, २०१८ आणि २०१९ मध्ये, राष्ट्रीय विजेतेपद आलं. बेसबॉलला डेव्हिड एस्कर आणले. संघ २०२१ ते २०२३ सलग तीन वेळा कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत गेला. पुरुष बास्केटबॉलला आणलेले जेरॉड हास मात्र आठ हंगामांत एकदाही संघाला राष्ट्रीय स्पर्धेत नेऊ शकले नाहीत. शॉ यांच्यानंतर फुटबॉलला आणलेले ट्रॉय टेलर दोन हंगामांनंतर, २०२५च्या मार्चमध्ये, पदावरून गेले. कर्मचाऱ्यांशी, विशेषतः महिला कर्मचाऱ्यांशी असलेल्या त्यांच्या वागण्याबद्दल दोनदा बाहेरच्या चौकशा झाल्याचं त्याआधी काही दिवस बातम्यांतून समोर आलं होतं. पहिल्या चौकशीनंतरही ते पदावर राहिले, ही गोष्ट मला पराभवांच्या आकड्यापेक्षा कितीतरी गंभीर वाटते. सामने हरले तर पुढच्या वर्षी जिंकता येतात. ऑफिसात काम करणाऱ्या बाईने तक्रार करूनही काही बदललं नाही, तर तिच्यासाठी पुढचं वर्ष नसतं.

आता २०२०.

कोविडचा पहिला उन्हाळा. ८ जुलैला विद्यापीठाचे अध्यक्ष मार्क टेसिए-लाविन, प्रोव्होस्ट (म्हणजे शैक्षणिक कारभार आणि अंदाजपत्रक पाहणाऱ्या प्रमुख अधिकारी) पर्सिस ड्रेल आणि क्रीडा संचालक म्यूर या तिघांच्या सहीचं एक खुलं पत्र निघालं. ३६ पैकी ११ खेळांचे विद्यापीठ संघ २०२०-२१च्या हंगामानंतर बंद होणार होते: पुरुष आणि महिला तलवारबाजी, फील्ड हॉकी, लाइटवेट रोइंग, पुरुष रोइंग, मिश्र आणि महिला सेलिंग, स्क्वॉश, सिंक्रोनाइझ्ड स्विमिंग, पुरुष व्हॉलीबॉल आणि कुस्ती. २४०हून अधिक खेळाडू, २२ प्रशिक्षक. या संघांनी २० राष्ट्रीय विजेतेपदं आणि २७ ऑलिंपिक पदकं मिळवून दिली, हेही त्याच पत्रात अभिमानाने लिहिलं होतं. खेळाडूंना बातमी व्हिडिओ कॉलवर कळली.

कारण पैशाचं सांगितलं होतं. कोविड नसता तरी त्या आर्थिक वर्षात क्रीडा विभागाला १ कोटी २० लाख डॉलरहून अधिक तूट येणार होती. कोविडमुळे ती तीन वर्षांत ७ कोटी डॉलरच्या घरात जाणार. आणि हे ११ संघ कायमचे राष्ट्रीय दर्जाचे ठेवायचे तर २० कोटी डॉलरहून अधिक निधी लागेल. आकडे भीतीदायक होते, आणि मी ते खोटे मानत नाही. विद्यापीठाकडे तेव्हा २,७०० कोटी डॉलरहून मोठा देणगीनिधी होता हे टीकाकारांनी लगेच दाखवून दिलं. त्यात त्यांची थोडी गल्लत होती, कारण असा निधी बहुतेक वेळा देणाऱ्याने ठरवलेल्या कामालाच बांधलेला असतो, मनाला येईल तिकडे वळवता येत नाही. पैशाची अडचण खरी होती. माझा आक्षेप अडचणीवर नाही, ती सोडवण्याच्या रीतीवर आहे.

ज्या घराला पैसे कमी पडतात ते घर सगळ्यांना बसवून विचारतं: कोण किती सोडू शकेल? इथे तसं विचारलंच गेलं नाही. माजी खेळाडूंना, पालकांना, प्रशिक्षकांना आधी सांगितलं असतं की अमुक एक रक्कम अमुक तारखेपर्यंत जमली नाही तर तुमचा संघ जाईल, तर ते धावाधाव करून निदान प्रयत्न तरी करू शकले असते. त्यांच्यापुढे आला तो झालेला निर्णय, आणि तो अंतिम असल्याची ग्वाही. एकोणीस वर्षांच्या एखाद्या रोइंगपटूचा विचार करा. हायस्कूलची चार वर्षं पहाटे पाच वाजता पाण्यावर काढून, दहा विद्यापीठांतून हे एक निवडून तो इथे आला. आता त्याला सांगितलं जातं की खेळ हवा असेल तर विद्यापीठ बदल, पदवी हवी असेल तर खेळ सोड. या सौद्यात त्याचं मत कुठेच नाही.

म्यूर यांच्यासाठी हे अगदी नवंही नव्हतं. स्टॅनफर्डआधी ते डेलावेअर विद्यापीठाचे क्रीडा संचालक होते आणि तिथे २०११ मध्ये पुरुषांच्या क्रॉसकंट्री आणि ट्रॅक संघांचा विद्यापीठ दर्जा काढून त्यांना हौशी क्लब करण्यात आलं होतं. शिवाय ते एकटेही नव्हते. ज्या ब्राउन विद्यापीठासाठी ते स्वतः बास्केटबॉल खेळले, त्या ब्राउननेही २०२०च्या मे महिन्यात ११ संघ बंद करण्याची घोषणा केली, आणि धावपटूंच्या विरोधानंतर दोन आठवड्यांत पुरुषांच्या ट्रॅक आणि क्रॉसकंट्रीबाबत माघार घेतली. म्हणजे अशा निर्णयावर काय प्रतिक्रिया येते याचं ताजं उदाहरण त्यांच्याच जुन्या विद्यापीठात घडून गेलेलं होतं. तरीही स्टॅनफर्डने तोच रस्ता धरला.

मग तो हंगाम सुरू झाला. २०२१चा मार्च, सेंट लुईस, राष्ट्रीय कुस्ती स्पर्धेची अंतिम फेरी, १६५ पौंडांचा गट. अमेरिकन कॉलेजच्या पैलवानाचा सिंगलेट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा कुस्तीचा पोशाख, ही त्याच्या विद्यापीठाची पताका असते. छातीवर नाव, रंग, चिन्ह. शेन ग्रिफिथ मॅटवर आला तो संपूर्ण काळ्या सिंगलेटमध्ये. नाव नाही, लाल रंग नाही, स्टॅनफर्डचं झाड नाही. ज्या विद्यापीठाने आपला संघ बंद करायचं ठरवलं त्याचं चिन्ह अंगावर घालायचं नाही, हे त्या संघाने ठरवलं होतं. ग्रिफिथ जिंकला. स्टॅनफर्डच्या इतिहासातला हा कुस्तीतला दुसराच राष्ट्रीय विजेता; आधीचा २००४चा मॅट जेन्ट्री. प्रेक्षकांतून ‘कीप स्टॅनफर्ड रेसलिंग’चा घोष सुरू झाला, आणि त्यात दुसऱ्या विद्यापीठांचे लोकही होते. स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट पैलवानही तोच ठरला. एका पोराने कोऱ्या कपड्यात उभं राहून विद्यापीठाला जे सुनावलं, ते शंभर निवेदनांनी जमलं नसतं.

तोवर माजी खेळाडूंनी ‘३६ स्पोर्ट्स स्ट्राँग’ नावाने मोहीम उभारली होती. देणग्यांची आश्वासनं गोळा झाली. मे महिन्यात खेळाडूंनी कोर्टात दोन दावे लावले. त्यातला एक महिला खेळाडूंचा, शिक्षणात स्त्री-पुरुष समान संधी सक्तीची करणाऱ्या १९७२च्या कायद्याखाली. १८ मे २०२१ रोजी विद्यापीठाने अकराही खेळ राखत असल्याचं जाहीर केलं. आर्थिक परिस्थिती सुधारली आहे आणि देणगीदारांत नवा उत्साह आला आहे, अशी कारणं दिली गेली.

म्यूर यांचे पाठीराखे इथे म्हणतात की शेवटी खेळ राहिले ना, मग त्यांच्या नावावर हा डाग कशाला? मला हे पटत नाही. दहा महिन्यांपूर्वी ज्या पैशाची शक्यताच नाही असं सांगितलं, तो पैसा ज्यांचा बळी द्यायचा होता त्यांनीच उभा करून दाखवला. खेळ वाचल्याचं श्रेय त्यांचं. संचालकाच्या वाट्याला येतो तो एवढाच दिलासा की त्याचा निर्णय अमलात आला नाही. आणि त्या दहा महिन्यांत जे प्रशिक्षक दुसरीकडे नोकऱ्या शोधत राहिले, ज्या मुलांनी नाव दुसरीकडे घातलं, जी मुलं स्टॅनफर्डला यायचीच थांबली, त्यांची भरपाई मेच्या घोषणेने झाली नाही. खुद्द ग्रिफिथ पुढे मिशिगनकडून कुस्ती खेळला.

दुसरा बचाव जास्त वजनाचा आहे. तिघांच्या सह्या होत्या, मग एकट्या म्यूर यांनाच का धरायचं? खरं आहे. विद्यापीठाच्या तिजोरीची किल्ली अध्यक्ष आणि प्रोव्होस्टकडे असते, आणि वरून आलेल्या आदेशावर खालच्या माणसाला सही करावी लागते हे कुठल्याही कचेरीत काम केलेल्याला ठाऊक आहे. पण अध्यक्षाला साऱ्या विद्यापीठाचा विचार करायचा असतो. खेळाडूंच्या बाजूने बोलायला त्या टेबलावर एकच माणूस असतो, तो म्हणजे क्रीडा संचालक. त्या पदाचं कारणच ते. त्याने आत भांडून हार पत्करली असेल तर ते आपल्याला दिसलं नाही. पत्रात दिसली ती त्याची सही आणि नंतर त्या निर्णयाची पाठराखण.

तिसरा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटतो. सेलिंग, स्क्वॉश, तलवारबाजी हे पैसेवाल्यांचे खेळ, ते बुडत्या विभागाने का पोसावेत? शिवाय २०१९ मध्ये उघड झालेल्या प्रवेश घोटाळ्यात स्टॅनफर्डच्या सेलिंग प्रशिक्षकाने गुन्हा कबूल केला होता. न खेळणाऱ्या मुलांना खेळाडू म्हणून आत घेण्यासाठी त्याच्या कार्यक्रमाला पैसे दिले जात होते. स्टॅनफर्डच्या आसपासच्या बे एरियातल्या आपल्या मराठी घरांतही हे ठाऊक असलेलं गणित आहे. क्युपर्टिनो, सनीव्हेल, फ्रिमाँटमध्ये मुलाला स्क्वॉशला किंवा तलवारबाजीला घालताना कॉलेजप्रवेशाचा विचार कित्येकांच्या मनात असतो आणि त्यापायी वर्षाला हजारो डॉलर जातात. खेळाच्या दाराने श्रीमंतांना मिळणारी ही सवलत बंद करावी, असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेईन. पण मग ते उघड म्हणायला हवं होतं, आणि त्या यादीत कुस्ती कशी आली हे सांगायला हवं होतं. अमेरिकेत कुस्ती हा आयोवाच्या शेतकऱ्यांचा, पेनसिल्व्हेनियाच्या खाणकामगारांच्या पोरांचा खेळ. एक जोडी बूट, एक मॅट. सुक्याबरोबर ओलंही जाळलं गेलं.

कुस्तीवरून कोल्हापूर आठवणं मराठी माणसाला अटळ आहे, आणि इथे त्याला नेमकं कारण आहे. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जाऊन स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. प्रवासाला पैसे नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खर्डेकरांच्या काळात राजाराम कॉलेजने किती करंडक मिळवले, हे आज कोणी विचारत नाही. पैसे नसताना ते कोणाच्या बाजूने उभे राहिले, हे आठवतं. प्रत्येक संचालकाने घर गहाण टाकावं असं मी म्हणणार नाही. मोठ्या संस्था तशा चालत नाहीत. पण पैसे नाहीत हे कळल्यावर मुलाला आधी बोलावून घेणं आणि आधी यादीतून काढणं यातला फरक कोल्हापुरात आणि कॅलिफोर्नियात सारखाच आहे.

स्टॅनफर्ड ज्या पॅक-१२ या विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेत होतं ती मोडली, त्याबद्दल मात्र म्यूर यांना फार बोल लावू नये. यूएससी आणि यूसीएलए ही लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं २०२२च्या जूनअखेर बाहेर पडली, ४ ऑगस्ट २०२३ला एका दिवसात आणखी पाच विद्यापीठं गेली आणि शतकभर जुनी संघटना चार सदस्यांवर आली. संघटना मोडली ती टीव्हीच्या पैशावरून, आणि टीव्ही हक्कांचे निर्णय विद्यापीठांच्या अध्यक्षांनी आणि संघटनेच्या आयुक्तांनी घेतले होते. अशा पडझडीत १ सप्टेंबरला अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसी या संघटनेत जागा मिळवणं ही जमेची बाजू आहे, जरी पहिली सात वर्षं टीव्हीच्या उत्पन्नातला फक्त ३० टक्के वाटा घेण्याच्या अटीवर. त्याची किंमत खेळाडू मोजत आहेत. व्हॉलीबॉल किंवा सॉफ्टबॉलची मुलगी आता लीगच्या सामन्यासाठी चार हजार किलोमीटरांहून लांब बोस्टनला जाते, तीन तासांच्या वेळेच्या फरकात खेळते आणि सोमवारी सकाळी परत स्टॅनफर्डला वर्गात बसते. पण दुसरा पर्याय एखाद्या दुय्यम संघटनेचा होता, आणि त्यात या ३६ खेळांपैकी कितीतरी पुन्हा धोक्यात आले असते. इथे म्यूर यांनी हाताशी होतं त्यातलं बरं निवडलं.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्टॅनफर्डशी संबंधित खेळाडूंनी ३९ पदकं मिळवली. सिंक्रोनाइझ्ड स्विमिंगमध्ये, म्हणजे ज्याला आता आर्टिस्टिक स्विमिंग म्हणतात त्यात, अमेरिकेच्या संघाने रौप्यपदक जिंकलं. त्या संघात स्टॅनफर्डची जॅकलिन लू होती. पुरुष व्हॉलीबॉलच्या कांस्यविजेत्या अमेरिकन संघात स्टॅनफर्डचाच एरिक शोजी होता. हे दोन्ही खेळ जुलै २०२०च्या यादीत होते. म्यूर यांचा गौरव करताना ३९ हा आकडा सांगितला जात असेल, तर या दोघांची नावं त्यातून वगळून सांगावा.

म्यूर यांच्या जागी नायकेचे माजी प्रमुख जॉन डोनाहो आले आहेत, आणि त्यांच्यापुढचं गणित २०२०पेक्षा कठीण आहे. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. आता विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येतो. २०२५-२६ साठी मर्यादा वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. त्यातला मोठा वाटा साहजिकच फुटबॉल आणि बास्केटबॉलला जाईल. खेळाडूला त्याच्या घामाचे पैसे मिळावेत हे न्याय्यच आहे, त्यावर माझा वाद नाही. पण ही रक्कम कुठूनतरी काढावी लागणार, आणि सगळ्यांत आधी नजर जाणार ती प्रेक्षक नसलेल्या, तिकिटं न खपणाऱ्या खेळांकडे. पुन्हा कोणीतरी यादी करायला बसेल. म्हणून २०२०च्या निर्णयामागची सगळी आकडेमोड, कोणता संघ कोणत्या निकषावर यादीत गेला, आत कोणी विरोध केला आणि दहा महिन्यांत नेमकी किती रक्कम जमली, हे विद्यापीठाने आता जाहीर करावं. आणि यापुढे एखाद्या संघावर गदा येणार असेल तर त्या संघाच्या कर्णधाराला आणि प्रशिक्षकाला निदान एक हंगाम आधी, आकड्यांसकट, त्याच टेबलावर बसवावं.